टँगो शिकताना आधी ओळखायचं ते वजन, पावलं नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रोडला राहणारे, चाळिशीतले, गणपतीच्या मिरवणुकीपलीकडे कधी न नाचलेले एक जण विचारतात: या वयात शून्यापासून आर्जेंटिनी टँगो शिकता येईल का, जोडीदार नसताना सुरुवात कशी करायची, आणि महिनाभर क्लासला जाऊन पावलं पाठ झाली तरी नाच का होत नाही?

शेवटचा भाग आधी घेऊ, कारण बाकीची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत. टँगोत पावलांचा क्रम ठरलेला नसतो. दोन माणसं मिळून चालतात, एक जण दिशा सुचवतो, दुसरा ती अंगाने ऐकून पाऊल टाकतो, आणि पुढचं पाऊल त्या क्षणी ठरतं. क्लासमध्ये या दोन भूमिकांना लीडर आणि फॉलोअर म्हणतात. दोघांनाही सतत एकच गोष्ट कळावी लागते: आत्ता समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे. समोरासमोर उभं राहून लीडरने आपल्या डावीकडे पाऊल टाकायचं ठरवलं, तर फॉलोअरचा उजवा पाय मोकळा हवा. तिचं वजन दोन्ही पायांवर अर्धं अर्धं असेल तर कुठला पाय हलवायचा हे तिला अंदाजाने ठरवावं लागतं, आणि अंदाज चुकला की पाय तुडवला जातो. मग दोघंही आठवलेल्या क्रमाचा आधार घेतात आणि नाचाऐवजी कवायत सुरू होते.

म्हणून पहिले पंधरा दिवस घरी फक्त हे करा. अनवाणी उभे राहा, पावलं जवळ, गुडघे सैल. वजन हळूहळू डाव्या पायावर न्या, इतकं की उजवा पाय जमिनीला नुसता टेकलेला राहील. आता उजवा पाय उचला. उचलण्याआधी कंबर किंवा खांदा डावीकडे जराही सरकवावा लागला, तर वजन पूर्ण गेलेलं नव्हतं. मग दुसरी बाजू. रोज दोन-तीन मिनिटं पुरेत. ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बरच्या गाडीत उभ्याने जाताना शरीर हे न शिकवता करतं. गुडघे सैल राहतात, डबा हलला की वजन या पायावरून त्या पायावर जातं आणि वरचं धड शांत असतं. तीच भावना घरात, स्थिर जमिनीवर, मुद्दाम आणायची आहे.

यानंतर चालणं. ऐकायला सोपं वाटतं, पण शिकण्याचा सगळ्यात मोठा भाग हाच आहे आणि वर्षानुवर्षं नाचणारेही याच्याकडे परत येतात. आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटमध्ये दोन बाय दोन फुटांची व्हिट्रिफाइड टाइल असते, ती इथे फूटपट्टीच्या कामी येते. दोन टाइलमधल्या जॉइंटची रेघ पायांच्या मधोमध ठेवून चाला. डावं पाऊल रेघेच्या लगेच डावीकडे, उजवं लगेच उजवीकडे, आणि एक पाय दुसऱ्याजवळून जाताना आतले घोटे जवळजवळ घासून गेले पाहिजेत. सुरुवातीला पाऊल टाइलच्या दोन-तृतीयांश ठेवा, म्हणजे साधारण 40 सेंटिमीटर. सोफा बाजूला सरकवून बारा फुटांची हॉल मोकळी झाली तर सहा-सात पावलं सहज बसतात, तेवढी पुष्कळ झाली.

एका पावलाचे तुकडे करून बघा. आधी मोकळा पाय कमरेपासून पुढे लांब होतो, पण त्यावर वजन नाही. मग उभा पाय जमिनीला मागे ढकलतो आणि त्या ढकलण्याने छाती पुढे सरकते. वजन नव्या पायावर पूर्ण पोचतं. मागे राहिलेला पाय शेवटी जवळ येऊन थांबतो. नवशिके दुसरा तुकडा गाळतात. ते उभ्या पायाने ढकलत नाहीत, नुसते पुढे कोसळतात आणि पाय टाकून स्वतःला सावरतात. समोरच्याला त्यातून दिशा कळत नाही, फक्त धक्का लागतो. दुसरी हमखास चूक म्हणजे खाली बघणं. डोक्याचं वजन चार-पाच किलो असतं. ते पुढे झुकलं की पाठ वाकते, छाती मागे जाते आणि जोडीदाराला नेमकी जिथून सूचना मिळायची ती जागाच निघून जाते. नजर समोर, साधारण जोडीदाराच्या खांद्यापलीकडे ठेवा. पाय चुकतील म्हणून खाली बघितल्याने पाय सुधारत नाहीत.

मागे चालणं हे फॉलोअरचं मुख्य काम, पण लीडरनेही ते तितकंच शिकावं. पाय कमरेपासून मागे जातो, आधी बोटं टेकतात, वजन सरकत गेलं की शेवटी टाच. छाती मात्र जोडीदाराकडेच राहते. खुर्चीत बसायला निघाल्यासारखी कंबर मागे गेली तर पाऊल आखूड पडतं, आणि पुढून येणाऱ्याचा गुडघा आपल्या गुडघ्यावर आदळतो. मागचं पाऊल लांब टाकणं हीच पाय तुडवला न जाण्याची खरी सोय आहे.

आधी दुसरं काही नाचलेल्यांसाठी थोडं वेगळं सांगावं लागेल. कथक शिकलेल्यांना ताल चटकन सापडतो, पण टाचेवर चक्कर घ्यायची सवय आड येते, कारण टँगोतलं वळण तळव्याच्या पुढच्या भागावर होतं आणि टाच तेव्हा जमिनीपासून कागदभरच सुटलेली असते. भरतनाट्यमवाल्यांची पावलं बाहेरच्या दिशेला उघडतात आणि गुडघे खोल वाकतात, ते दोन्ही कमी करावं लागतं. लावणी किंवा लेझीम केलेल्यांचं पाऊल जमिनीवर वाजतं. इथे ते मांजरीसारखं टेकायचं आहे, तोरा छातीत ठेवायचा.

आता मिठी. स्पॅनिशमध्ये टँगोच्या पकडीला आब्रासो, म्हणजे मिठी, असंच म्हणतात. लीडरचा उजवा हात फॉलोअरच्या पाठीवर, खांद्याच्या पात्यांच्या उंचीला. तिचा डावा हात त्याच्या उजव्या दंडावर किंवा खांद्यामागे. दुसरे दोन हात एकमेकांत, दोघांत जो बुटका असेल त्याच्या हनुवटी ते डोळ्यांच्या उंचीवर. हे समजायला फुगडी आठवा. फुगडीत दोघी हात घट्ट धरून मागे झुकतात आणि एकीने हात सोडले तर दोघी पडतात. टँगोत सुरुवातीला याच्या नेमकं उलट हवं: जोडीदाराने अलगद हात काढून घेतले तरी तुम्ही जागचे हलता कामा नये. प्रत्येक सरावात एकदा तरी ही परीक्षा घ्या. चालता चालता एकाने न सांगता हात सोडायचे, दुसरा तोल न जाता उभा राहिला पाहिजे.

सूचना हातातून द्यायची नसते, छातीतून द्यायची असते. हात फक्त ती पोचवणारी चौकट. लीडरने हाताने ओढलं किंवा पाठीवर बोटांनी दाबलं, तर फॉलोअरचं वरचं अंग आधी हलतं, पाय मागून येतात आणि तोल जातो. हे मोडायला चांगला उपाय आहे. आठवडाभर हात न धरता सराव करा. फॉलोअरने दोन्ही तळवे लीडरच्या छातीवर, खांद्याच्या जरा खाली टेकवायचे आणि लीडरने आपले हात पाठीमागे बांधायचे. छातीवर हात ठेवणं नको वाटत असेल तर दोघांच्या मध्ये वर्तमानपत्राची गुंडाळी आडवी धरा, दोघांनी दोन्ही टोकं हलकेच पकडायची. कागद चुरगळला तर कुणीतरी दाबतंय, खाली पडला तर कुणीतरी दूर गेलंय.

अनोळखी माणसाच्या इतक्या जवळ उभं राहायचा संकोच आपल्याकडे पुष्कळांना असतो आणि तो लपवायची गरज नाही. उघडी पकडही टँगोच आहे: दोघांत वीतभर अंतर, हात एकमेकांच्या दंडांवर. चांगला शिक्षक जवळच्या मिठीत जाण्याआधी विचारतो. विचारत नसेल तर तुम्ही सांगा, आणि ऐकलं गेलं नाही तर तो क्लास सोडा. नवरा-बायको एकत्र शिकत असतील तर वेगळीच अडचण येते, दोघं एकमेकांना सुधारत बसतात. त्यावर नियम ठेवा की गाणं चालू असताना कुणी बोलायचं नाही, संपल्यावर प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, आणि तीही स्वतःला काय जाणवलं ती. ‘तू चुकलास’ याऐवजी ‘माझं वजन पोचायच्या आत पुढची सूचना आली’ असं सांगितलं की सुधारता येतं.

एकट्याने येणाऱ्यांनी क्लासमध्ये जोड्या फिरवतात का हे आधी विचारावं. तसं होत असेल तर जोडीदाराची गरज नाही, उलट एकाच जोडीदाराबरोबर शिकलेल्यांना इतरांबरोबर नाचता येत नाही. पहिल्या सहा महिन्यांत दोन्ही भूमिका थोड्या थोड्या करून बघा. फॉलोअर होऊन दोन गाणी नाचलेला लीडर आपली सूचना कुठे उशिरा जाते ते लगेच ओळखतो. पुरुषांनी पुरुषांबरोबर सराव करण्याची प्रथा ब्युनोस आयर्समध्ये जुनीच आहे.

ठाण्यात, वाशीत किंवा खारघरला ‘टँगो’ अशी पाटी दिसली तर आत काय शिकवतात ते विचारून घ्या. बॉलरूम टँगो हा वेगळा नाच आहे. त्यात मान झटक्याने वळते, पकड ताठ असते, स्पर्धेचे नियम असतात. तोही मेहनतीचा नाच आहे, फक्त तुम्हाला हवा तो नाही. तिसरा प्रकार लग्नातल्या संगीतच्या कार्यक्रमासाठी तीन मिनिटांची रचना बसवून देण्याचा. त्यात पावलं गाण्याला चिकटवलेली असतात, गाणं बदललं की काहीच उरत नाही. पहिल्या महिन्यात जिथे तासाचा बराच भाग चालण्यात जातो आणि क्लासखेरीज नुसत्या सरावाची वेळ ठेवलेली असते, तिथे नाव घाला. अशा सरावाला प्राक्तिका म्हणतात. दर आठवड्याचा दीड तासाचा क्लास आणि रोजचे पंधरा मिनिटं, एवढं सांभाळलं तर तीन महिन्यांत गर्दीत न धडकता चालता येतं, सहा महिन्यांत ओचो ही वळणं आणि क्रुसाडा हा पायांचा तिढा विश्वासाने येतात. फॉलोअर लीडरभोवती फिरते त्या प्रकाराला हिरो (giro) म्हणतात, तो अंगात मुरायला मात्र वर्ष धरा. घाई केली तरी हा काळ फारसा कमी होत नाही.

ओचो म्हणजे इंग्रजी आठाच्या आकाराची वळणं, आणि नवशिक्यांचे गुडघे इथेच दुखावतात, म्हणून यावर जरा थांबू. वळण तळव्याच्या पुढच्या भागावर, एकाच पायावर पूर्ण वजन असताना घ्यायचं असतं. रबरी तळाचे स्पोर्ट्स शूज टाइलला चिकटतात, पाऊल जागेवर राहतं, वरचं अंग फिरतं आणि मधला पिळा गुडघा सोसतो. गुडघ्याचा सांधा वाकण्यासाठी आहे, असा पिळा त्याला झेपत नाही. सराव भिंतीशी करा. भिंतीकडे तोंड, दोन्ही तळवे छातीच्या उंचीला भिंतीवर. छाती भिंतीकडेच ठेवून कंबर आणि पाय आधी उजवीकडे, मग डावीकडे वळवा. छाती आणि कंबर यांच्यामधलं हे वेगळं फिरणं साधलं की ओचो जवळजवळ हातात आला. क्रम असा: वजन पोचू दे, पाय जवळ येऊ देत, मग वळा, मग पाऊल टाका. पाऊल टाकता टाकता वळलात तर वर्तुळ वाकडं होतं आणि तोल जातो. गुडघ्याचं किंवा कंबरेचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारा आणि शिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगा. वयाची आडकाठी नाही. ब्युनोस आयर्समध्ये सत्तरी ओलांडलेले लोक नियमाने नाचतात, कारण ते उड्या मारत नाहीत, चालतात.

बहुतेक ठिकाणी आठ पावलांचा एक पाया शिकवतात. लीडरच्या बाजूने: एकला उजवा मागे, दोनला डावा बाजूला, तीनला उजवा जोडीदाराच्या बाहेरून पुढे, चारला डावा पुढे, पाचला उजवा जवळ, सहाला डावा पुढे, सातला उजवा बाजूला, आठला डावा जवळ. फॉलोअर याच्या आरशासारखी, आणि पाचला तिचा डावा पाय उजव्यापुढे तिढा घालतो. तोच क्रुसाडा. यात दोन धोके आहेत. पहिलं मागचं पाऊल गर्दीत मागच्या जोडीवर जातं, म्हणून नाचताना थेट दोनपासून सुरू करा. दुसरा धोका मोठा आहे: फॉलोअरला पाचला तिढा घालायची सवय लागते, सूचना असो वा नसो. लीडरने तीन आणि चारला छाती तिच्याकडे किंचित वळलेली ठेवायची आणि पाचला परत समोर आणायची, त्यातून तिढा घडला पाहिजे. तपासायचं असेल तर लीडरने चारनंतर मुद्दाम थांबावं. फॉलोअरही थांबली तर ती ऐकते आहे. क्रम म्हणजे पाढे, हिशेब करायला लागलात की ते मोठ्याने म्हणायचे नसतात. बोलेओ, गांचो असे पाय उडवणारे प्रकार वर्षभर बाजूला ठेवा, गर्दीत ते शेजारच्याच्या पोटरीला लागतात.

बूट पहिल्या दिवशी विकत घ्यायची गरज नाही. चामड्याचा तळ असलेले जुने ऑफिसचे बूट असतील तर उत्तम. नसतील तर नाक्यावरच्या मोचीकडून एखाद्या घट्ट बसणाऱ्या जोडीला स्वेडचा तळ चिकटवून घ्या. चप्पल आणि मागून उघडं काहीही नको, मागच्या पावलात ते निसटतं. बायकांनी सपाट तळाने किंवा दीड-दोन इंची टाचेने सुरुवात करावी. उंच टाच आल्यावर वजन आपोआप पुढे जातं, पण तोल नसेल तर ते बोटांवर कोसळतं आणि पोटऱ्या भरून येतात. घरी टाइलवर मोजे घालून वळणाचा सराव चालेल, चालण्याचा नको, पाय घसरतो. जमिनीवर टाल्कम पावडर टाकू नका, ती पुढच्या माणसाला पाडते. जून ते सप्टेंबर स्वेडची काळजी घ्या: बूट कापडी पिशवीतून न्या, रस्त्यावर घालू नका, ओले झाले तर आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा आणि तळ कडक झाल्यावर तारेच्या ब्रशने घासा. आपल्याकडच्या दमट हवेत जास्तीचा शर्ट आणि छोटा टॉवेल सोबत असणं हा जोडीदाराबद्दलचा साधा आदर आहे. उपवनच्या किंवा पाम बीच रोडच्या पेव्हर ब्लॉकवर वळणं घेऊ नका, तिथे नुसतं चाला.

संगीत मात्र तिथेच ऐका. इयरफोन लावून तलावपाळीला फेरी मारताना ठोक्यावर पाऊल टाकत चालणं हा फार चांगला सराव आहे. चालायच्या ठोक्याची गती मिनिटाला साधारण 60 ते 70 असते. सुरुवातीला कार्लोस दी सार्लीच्या वाद्यवृंदाची 1950च्या दशकातली, गायक नसलेली ध्वनिमुद्रणं घ्या. ठोका स्वच्छ असतो आणि दोन ठोक्यांमध्ये पाऊल लांबवायला जागा मिळते. मग ह्वान दारिएन्सो, विशेषतः 1935 ते 1938 मधलं, जेव्हा रोदोल्फो बियाजी पियानोवर होता. ते टोकदार आणि खेळकर आहे, त्यावर पावलं लहान ठेवावी लागतात. आनिबाल त्रोइलो आणि ओस्वाल्दो पुग्लिएसे नंतर, कारण त्यांच्यात ठोका मध्येच लपतो. आस्तोर पियासोला जरूर ऐका, पण त्याचं बरंचसं संगीत ऐकण्यासाठी आहे, नवशिक्याच्या पायांसाठी नाही. आठ ठोक्यांचा वाक्यांश कुठे संपतो ते ओळखायला शिका. सम ऐकायची सवय असलेल्या मराठी कानाला हे अवघड नाही. वाक्यांश संपला की थांबा आणि पुढचा सुरू झाला की निघा. एवढ्यानेही नाच संगीताचा वाटू लागतो. व्हाल्स तीन मात्रांच्या झुल्यावर चालतो आणि मिलोंगा हा प्रकार झपाझप, ते दोन्ही पहिल्या सहा महिन्यांत फक्त ऐका.

मिलोंगा हे नाचाच्या बैठकीचंही नाव आहे. मुंबईत अशा बैठका होतात, आणि तीन-चार महिन्यांनी तिथे जायला हरकत नाही, पहिल्यांदा नुसतं बघायलाही. जोड्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात, गरब्याच्या रिंगणात जशी आपण शिस्त पाळतो तशीच: पुढच्याला ओलांडायचं नाही, लीडरने रिंगणाच्या उलट मागे पाऊल टाकायचं नाही, मधून आडवं जायचं नाही. गाणी तीन-चारच्या गटाने वाजतात, त्या गटाला तांदा म्हणतात, आणि दोन तांद्यांच्या मध्ये भलतंच काहीतरी संगीत लागतं, ती कोर्तिना. नाचायला बोलवायचं ते नजरेने आणि मान हलवून, टेबलाजवळ जाऊन हात पुढे करत नाहीत. त्यामुळे नकार द्यायचा असेल तर नजर वळवली की पुरतं आणि कुणाचा अपमान होत नाही. दोन गाण्यांच्या मध्ये सवयीने ‘थँक्यू’ म्हणू नका, त्याचा अर्थ ‘मला आता थांबायचंय’ असा घेतला जातो. तांदा संपल्यावरच म्हणा, आणि जोडीदाराला जागेपर्यंत सोडा. नाचताना कुणाला शिकवू नका, कुणी तुम्हाला शिकवू लागलं तर गोड हसून तांदा संपवा.

पहिल्या मिलोंगाला दोन-तीन तांदे बसून बघा, कुठल्या वाद्यवृंदावर तुमचे पाय आपोआप हलतात ते पाहा आणि त्याच प्रकारचं परत लागलं की उठा. लीडरने त्या रात्री फक्त चालावं, बाजूचं पाऊल घ्यावं आणि थांबावं. बहुतेक मिलोंगांमध्ये शेवटचं गाणं ‘ला कुम्पारसिता’ असतं. त्याची वाट बघत बसलात तर ठाण्याची किंवा पनवेलची शेवटची लोकल चुकेल, तेव्हा गाडीची वेळ आधी बघा आणि निघण्याआधीचा एक तांदा ज्या जोडीदाराबरोबर सगळ्यात सहज चालता आलं त्याच्यासाठी राखून ठेवा.